पहिल्या आठवड्याचे परीक्षण

नोव्हेंबर २०२४ च्या १ तारखेला ‘द क्युअर’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा अल्बम आला आणि २२ तारखेला केंड्रिक लमार या अमेरिकी रॅपरचा ‘जीएनएक्स’. पहिला सोळा वर्षांच्या खंडानंतर आलेला, आणि त्यातली काही गाणी २०२२ च्या ऑक्टोबरपासूनच दौऱ्यात वाजवून झालेली. दुसरा कोणालाही पत्ता लागू न देता एका शुक्रवारी थेट ऐकायला ठेवलेला. एक रॉकचा, एक हिप-हॉपचा, दोन्ही मोठ्या नावांचे, आणि तीन आठवड्यांच्या अंतराने आलेले. दोहोंवर पहिल्या आठ-दहा दिवसांत जे लिहिले गेले ते मी मिळेल तेवढे वाचले, आणि समीक्षकांच्या मतांविषयीचा माझा एक जुना समज त्या वाचनाने अधिकच घट्ट झाला. नव्या अल्बमचे पहिले परीक्षण हे पुष्कळदा त्या कलावंताच्या एखाद्या जुन्या अल्बमचेच परीक्षण असते.

क्युअरविषयी बहुतेकांनी एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहिले: १९८९ च्या ‘डिसइंटिग्रेशन’नंतरचे हे त्यांचे सर्वांत चांगले काम. लमारविषयी लिहिणाऱ्यांची मते तितकी एका सुरात नव्हती, पण तिथेही मोजपट्टी मागेच ठेवलेली होती. हा त्याचा २०१५ मधला ‘टू पिंप अ बटरफ्लाय’ नव्हे, त्याची खोली याला नाही, तरी ड्रेक या रॅपरशी त्या वर्षीच्या वसंतात झालेल्या भांडणात जिंकलेल्या माणसाची ही विजयी फेरी आहे आणि ती ऐकायला झकास आहे, असा एकंदर सूर होता. कौतुक होते, पण थोडा हात राखून केलेले.

ही दोन्ही मते चुकीची आहेत असे मला म्हणायचे नाही. ‘डिसइंटिग्रेशन’ची आठवण तर पहिल्याच गाण्याला येते. ‘अलोन’ सुरू झाल्यावर तीन मिनिटांहून अधिक काळ बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ गातच नाही. जड, संथ ड्रम्स, त्यावर पसरत जाणारे सिंथेसायझरचे थर आणि सायमन गॅलपचा खरखरीत बेस एवढेच चालू राहते. शेवटचे ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून मोठे आहे आणि त्यात आवाज यायला सहा मिनिटे उलटून जावी लागतात. ही लांबण, ही वाट पाहायला लावण्याची रीत १९८९ मधलीच. पण तेव्हा स्मिथ तिशीला टेकला होता आणि तिशीच्या धाकाने लिहीत होता. हा अल्बम आला तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता, आणि ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे त्याने गेलेल्या थोरल्या भावावर लिहिले आहे. तरुण माणसाचे ‘सगळे संपत आले’ हे एक प्रकारचे नाटक असते, चांगल्या अर्थाने नाटक. म्हाताऱ्याचे तसेच वाक्य हिशोबाच्या वहीत मांडल्यासारखे येते. ‘नंतरचे सर्वोत्तम’ असे म्हटले की दोन अल्बम एका रांगेत उभे राहतात आणि हा फरक नजरेआड होतो. काही मोजक्या परीक्षणांनी तो टिपला होता. बाकीच्यांनी तुलनेवर भागवले.

लमारच्या बाबतीत तुलनेने अधिक नुकसान केले, कारण तिथे ऐकण्यासारखे बरेच काही तुलनेच्या आड राहिले. ‘जीएनएक्स’ म्हणजे ब्यूइक कंपनीची १९८७ मधली काळी मोटार, जेमतेम ५४७ बनवलेली. लमारचा जन्मही १९८७ चा. अल्बम बारा गाण्यांचा, पाऊण तासाहून थोडा कमी. त्याची सुरुवात रॅपने होतच नाही. देयरा बरेरा या मारियाची गायिकेचा स्पॅनिश आवाज आधी येतो, आणि तो पुढे आणखी दोन ठिकाणी परततो. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीचा हा सूर एका काळ्या रॅपरने आपल्या दाराच्या चौकटीवर ठेवावा, पुढे त्याच शहरातल्या, बाहेर फारशा कोणाला माहीत नसलेल्या रॅपरांना एकामागून एक जागा द्यावी, यात या अल्बमचा हेतू उघड दिसतो: हे जगासाठी लिहिलेले प्रवचन नसून एका शहराने आपसात केलेली बोलाचाली आहे. ‘टीव्ही ऑफ’च्या मध्यावर बीट बदलते आणि प्रोड्यूसर मस्टर्डचे नाव लमार गळा ताणून ओरडतो, तेव्हा ते अर्थासाठी नसतेच; गाडीच्या खिडक्या खाली करून गल्लीतून जाताना मारलेली ती आरोळी असते. या संगीताला खोली नाही असे म्हणणाऱ्याने खोली कुठल्या दिशेने मोजली, हा प्रश्न मला पडला.

आणि ज्यांना खोलीच हवी होती त्यांच्यासाठी ‘रीइनकार्नेटेड’ होते. टुपाक या रॅपरच्या एका जुन्या गाण्याच्या बीटवर लमार इथे पूर्वजन्म सांगतो. आधी गिटार वाजवणारा, पैशाच्या मोहात घसरलेला एक कलावंत, मग काळ्या प्रेक्षकांच्या नाट्यगृहांमधून गाणारी आणि व्यसनाने संपलेली एक गायिका, आणि शेवटी आजचा तो स्वतः, बापाशी म्हणजेच देवाशी वाद घालणारा. बापाचे बोलणे आणि मुलाचे बोलणे एकाच आवाजात, फक्त पट्टी आणि वेग किंचित बदलून तो म्हणतो. हेडफोन लावून ऐकले तर कोण कधी बोलतो ते कळते, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले तर दोन्ही मिसळून जाते. या गाण्यावर बहुतेक परीक्षणांत एखाद-दुसरे वाक्य होते, काहींत ते सर्वांत महत्त्वाचे म्हणून नोंदले होते. पण ते कसे बांधले आहे हे सांगायला फारसे कोणी थांबले नव्हते.

याला एक व्यावहारिक कारण आहे. क्युअरसारख्या बँडचा अल्बम येणार असला की कंपनी प्रसिद्धीपूर्व प्रत समीक्षकांना आधीच पाठवते, अमुक तारखेआधी छापू नका असे बजावते, आणि लिहिणाऱ्याला दोन-तीन आठवडे तरी ऐकायला मिळतात. ‘जीएनएक्स’ समीक्षकाच्या हाती पडला तो तुमच्या-माझ्या हाती पडला त्याच घटकेला. सोमवारपर्यंत काही छापले नाही तर वाचक दुसरीकडे जातो, म्हणून शनिवार-रविवारी ऐकून, रविवारी रात्री लिहून मोकळे व्हायचे. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’च्या वेळीही थोडेफार हेच झाले होते, तो मार्च २०१५ मध्ये जाहीर तारखेच्या आठवडाभर आधी अचानक बाहेर पडला. अशा घाईत माणूस आधारासाठी ओळखीची गोष्ट धरतो, आणि कलावंताचा जुना अल्बम ही सर्वांत जवळची ओळखीची गोष्ट असते. कान्ये वेस्टने तर २०१६ मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली: ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ फेब्रुवारीत प्रसिद्ध केल्यानंतर तो त्यातली गाणी बदलतच राहिला. ज्यांनी पहिल्या आठवड्यात परीक्षण लिहिले त्यांनी जो अल्बम ऐकला तो दोन महिन्यांनी त्या स्वरूपात शिल्लक नव्हता.

मात्र घाईवर सगळे खापर फोडता येत नाही, कारण ज्या काळात घाई नव्हती त्या काळातही पहिली परीक्षणे अशीच घसरलेली दिसतात. ‘रोलिंग स्टोन’ हे मासिक १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुरू झाले आणि रॉकवर गंभीरपणे लिहायची रीत पाडण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याच मासिकात मार्च १९६९ मध्ये जॉन मेंडेलसन याने लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर लिहिले. त्याचे म्हणणे असे की जेफ बेक या गिटारवादकाच्या गटाने काही महिन्यांपूर्वी जे केले त्याहून वेगळे यात फारसे नाही, झेपलिनचा जिमी पेज उत्तम गिटारवादक असला तरी प्रोड्यूसर म्हणून आणि गीतकार म्हणून तोकडा आहे, आणि झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँट हा काही बेकच्या गटात गाणारा रॉड स्टुअर्ट नव्हे. बँडने हे परीक्षण वर्षानुवर्षे मनात ठेवले. पुढे २००३ मध्ये याच मासिकाने सार्वकालिक ५०० अल्बमांची यादी केली तेव्हा हा अल्बम २९ व्या क्रमांकावर होता. समीक्षकांची फजिती म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि सांगणारा बहुधा मूळ परीक्षण न वाचताच सांगतो.

मी ते वाचले आहे आणि मला ते वाईट वाटत नाही. बेकच्या ‘ट्रुथ’ अल्बमवर आणि झेपलिनच्या या अल्बमवर ‘यू शुक मी’ हे एकच ब्लूज गाणे आहे. दोन्ही लागोपाठ लावून ऐकावे. मेंडेलसनच्या कानाला जे साम्य जाणवले ते खरोखर तिथे आहे. उसनवारी त्याने अचूक पकडली. त्याला ऐकू आले नाही ते ड्रम्सचे आकारमान, ड्रमर जॉन बॉनमचा मार आणि तो ध्वनिमुद्रित करताना मायक्रोफोन दूर ठेवून खोलीचा घुमारा आत घेण्याची पेजची युक्ती. ज्या माणसाला तो प्रोड्यूसर म्हणून तोकडा म्हणाला त्याचे खरे नवेपण ध्वनिमुद्रणातच होते. म्हणजे निरीक्षण बरोबर, तोलमाप चुकलेले. अशा परीक्षणातून वाचकाला काहीतरी हाती लागते, कारण तो स्वतः दोन्ही अल्बम लावून वाद घालू शकतो. नुसते ‘अप्रतिम’ किंवा ‘निराशाजनक’ लिहिले असते तर वाद घालायलाही जागा उरली नसती.

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० चा. बहुतांश एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेला. लेस्टर बँग्स या समीक्षकाने त्यावर ‘रोलिंग स्टोन’मध्ये जे लिहिले त्याचा मथितार्थ, हा क्रीम या बँडचाच प्रकार, पण हलक्या प्रतीचा. बँग्सला ब्लूजवर आधारलेल्या लांबलचक वादनाचे माप ठाऊक होते आणि त्या मापाला सॅबथ खरेच कमी पडतात. त्यांचे एकल वादन क्रीमच्या एरिक क्लॅप्टनइतके सफाईदार नाही. पण पहिल्या गाण्यात पावसाच्या आणि घंटेच्या आवाजानंतर गिटारवादक टोनी आयोमीचे जे तीन स्वर येतात, त्यांना सफाईशी काही देणेघेणेच नाही. पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोके तुटलेला हा माणूस प्लॅस्टिकच्या टोप्या चढवून वाजवत होता. रिफ, म्हणजे गिटारची छोटी धून, हळू करायची, ती पुन्हा पुन्हा वाजवायची आणि मधल्या शांततेला वजन द्यायचे, यातून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहणार होता, आणि त्यासाठीची मोजपट्टी तेव्हा कोणाच्याच खिशात नव्हती. बँग्सचे मोठेपण असे की तो पुढे सॅबथकडे परत गेला आणि काही वर्षांत त्यांच्याविषयी बऱ्याच आस्थेने लिहू लागला. समीक्षकाने मत बदलावे, उघडपणे बदलावे, आणि का बदलले तेही लिहावे, हे मला त्याच्या पहिल्या मतापेक्षा महत्त्वाचे वाटते.

हिप-हॉपची कहाणी वेगळ्या वाटेने गेली, कारण तिथे समीक्षा बराच काळ घरातल्याच माणसांच्या हाती होती. ‘द सोर्स’ १९८८ मध्ये हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनी पत्रकाच्या रूपात सुरू केले आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन ते या संगीताचे प्रमुख मासिक बनले. ताऱ्यांऐवजी तिथे मायक्रोफोन मिळत, जास्तीत जास्त पाच. पाच मायक्रोफोन मिळणे ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की डॉक्टर ड्रेच्या ‘द क्रॉनिक’लाही साडेचारवर थांबावे लागले. एप्रिल १९९४ मध्ये क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीतल्या वीस वर्षांच्या नासचा ‘इलमॅटिक’ आला आणि ‘शॉर्टी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मिन्या ओ हिने त्याला पाच दिले. पहिल्याच अल्बमला. विक्रीच्या बाजूने पाहिले तर अल्बम तेव्हा धिम्या गतीने चालला होता. दहा लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळायला २००१ उजाडले. पण मत त्या पहिल्या महिन्यातच अचूक दिले गेले होते, आणि ते काळानेही उलटवले नाही.

असे का झाले असावे? मला वाटते, लिहिणारी त्या भाषेत राहत होती. नासच्या यमकांचे वजन ओळीच्या शेवटी न पडता मध्येच कसे पडते, एक वाक्य दोन ओळींवरून कसे घरंगळत जाते, डीजे प्रीमिअर आणि पीट रॉक या प्रोड्यूसरांच्या सॅम्पलांत, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांत, जॅझचा कुठला तुकडा कसा वळवला आहे, हे ओळखायला तिला तुलनेचा आधार लागत नव्हता. त्या काळातल्या सर्वसाधारण रॉक मासिकांत रॅपवर लिहिताना शब्दांचा आशय तपासला जाई. हिंसा किती, स्त्रियांविषयी काय म्हटले, सामाजिक संदेश कोणता. उच्चार, श्वास, बीटच्या किंचित मागे राहून बोलणे, यांवर क्वचितच कोणी लिही. हा भेद यादीत स्वच्छ दिसतो. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या त्या यादीत हिप-हॉपचा सर्वांत वरचा अल्बम पब्लिक एनिमी या गटाचा होता, क्रमांक ४८. २०२० मध्ये मत देणाऱ्यांचे मंडळ बदलून यादी नव्याने केली तेव्हा गायिका-रॅपर लॉरिन हिल दहावी आली, पब्लिक एनिमी पंधरावे, आणि २००३ मध्ये पहिला असलेला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ चोविसावा. सतरा वर्षांत अल्बम बदलले नव्हते, मते मागायला गेलेली दारे बदलली होती.

घरातल्या माणसांच्या हाती समीक्षा असण्याचा तोटाही ‘द सोर्स’नेच दाखवला. मासिकाचा एक मालक ज्या रॅप-गटाचा पाठीराखा होता त्या गटावरचा लेख संपादकांना न सांगता १९९४ च्या अंकात घुसवला गेला, आणि संपादक मंडळातले बरेच जण एकदम बाहेर पडले. त्यांच्यापैकी काहींच्या हातून १९९७ मध्ये ‘एक्सएक्सएल’ हे प्रतिस्पर्धी मासिक सुरू झाले. पुढच्या दशकात ‘द सोर्स’चे पाच मायक्रोफोन कोणाला मिळतात याविषयी लोक कुजबुजू लागले, आणि गुणांकनाची पत एकदा गेली की मजकूर कितीही चांगला असला तरी कोणी वाचत नाही.

गुणांकनाचा विषय निघालाच आहे तर मी माझा राग स्पष्टच लिहितो. रॉबर्ट क्रिस्टगाऊ हा समीक्षक १९६९ पासून अल्बमांना शाळेतल्यासारखी अक्षरे देत आला, आणि त्याचे परीक्षण अनेकदा एका परिच्छेदाचे असे. पण अल्बम पुरेशा वेळा ऐकून झाल्याशिवाय तो अक्षर देत नसे, आणि परिच्छेद इतका आटवलेला असे की अक्षर विसरून मजकूर पुन्हा वाचावासा वाटे. १९९० च्या दशकात मिनिआपोलिसमध्ये निघालेल्या ‘पिचफोर्क’ या संकेतस्थळाने मात्र दहापैकी गुण दशांशात द्यायला सुरुवात केली. ७.८ आणि ७.९ यांत फरक काय, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. २००३ मध्ये लिझ फेअर या गायिकेच्या अल्बमला त्यांनी ०.० दिले, ते परीक्षण लिहिणाऱ्याने २०१९ मध्ये जाहीरपणे दिलगिरी व्यक्त केली, २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्षानिमित्त त्यांनी १९ अल्बमांचे गुण बदलले, त्यांत लिझ फेअर ६.० वर गेली, डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून थेट १० वर, आणि इंटरपोलचा पहिला अल्बम ९.५ वरून ७ वर आला. मत बदलण्याला माझी ना नाही, बँग्सच्या बाबतीत त्याचे कौतुकच केले आहे. पण बँग्सने नवे लिहिले होते. इथे लांबलचक जुना मजकूर तसाच राहिला आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा बदलला, सोबत चार ओळींचा खुलासा.

मेटाक्रिटिकने यावर कळस चढवला. २००१ पासून ही सेवा निरनिराळ्या परीक्षणांचे शंभरपैकी गुण करून त्यांची सरासरी देते. ‘ए उणे’ या अक्षराचे ९१ होतात, ‘बी अधिक’चे ८३, आणि ज्या परीक्षणाला गुणच नसतात त्याला मजकूर वाचून ते ठरवून दिले जातात. कोणत्या प्रकाशनाला किती वजन, हे त्यांनी गुलदस्त्यात ठेवले आहे. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’चे तिथले गुण ९६. त्या आकड्यावरून अल्बमविषयी काय कळते? लोकांना आवडला एवढेच. तो ऐकताना जॅझ वाजवणाऱ्यांचा ताफा आणि रॅपरचा आवाज एकमेकांना कुठे ढकलतात, दर काही गाण्यांनंतर एका कवितेच्या ओळी वाढत वाढत कशा येतात, यातले काहीही नाही. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनाही नाटक-सिनेमाच्या परीक्षणाखाली तारे छापण्याची सवय लागून बराच काळ लोटला आहे आणि तारे पाहून पान उलटणारे वाचक मी घरातच पाहतो, त्यामुळे अमेरिकेला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

अलीकडे आणखी एक गोष्ट घडते आहे, आणि ती गुणांकनापेक्षा घातक आहे. मोठ्या कलावंताच्या अल्बमवर वाईट लिहायला समीक्षक कचरू लागले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये ‘पेस्ट’ मासिकाने टेलर स्विफ्टच्या अल्बमवरचे प्रतिकूल परीक्षण लेखकाचे नाव न देता छापले, कारण २०१९ मधल्या परीक्षणानंतर त्यांच्या लेखकाला धमक्या आल्या होत्या. ते पॉप झाले, पण रॉक आणि रॅपचे चाहतेही काही मवाळ नाहीत. त्यात पगारी जागाच कमी होत चालल्या आहेत: जानेवारी २०२४ मध्ये ‘पिचफोर्क’ त्याच्या मालक कंपनीने ‘जीक्यू’ या पुरुषांच्या मासिकात विलीन केले आणि बऱ्याच जणांना घरी बसवले. ‘जीएनएक्स’विषयीच्या लिखाणात जो हात राखलेला जाणवला त्यात थोडा भाग या भीतीचाही असेल. म्हणूनच दोन-चार जणांनी सरळ लिहिले की हा अल्बम आपल्याला मध्यम वाटला, त्यांच्याशी माझे मत जुळत नसूनही त्यांचे लिखाण मी जास्त लक्ष देऊन वाचले. त्यांना कारणे द्यावी लागली होती.

आपल्याशी या सगळ्याचा संबंध नासपासूनच जोडता येतो. ज्याच्या पहिल्या अल्बमला पाच मायक्रोफोन मिळाले, त्याच्या ‘मास अपील’ कंपनीची भारतीय शाखा २०१९ मध्ये निघाली, आणि तिने पहिला करार केला तो अंधेरीच्या जे. बी. नगरमधल्या डिव्हाइन या रॅपरशी, त्याचा ‘कोहिनूर’ हा अल्बम त्याच वर्षी तिथून आला. म्हणजे कलावंत, कंपनी, स्टुडिओ, श्रोते हे सगळे आले. परीक्षण मात्र यायचे राहिले. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ पासून आणि ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती २००८ पासून इंग्रजीत लिहीत आल्या, त्यांनी रॉकची बऱ्यापैकी नोंद ठेवली. आज रॅपच्या वाट्याला येतात त्या मुख्यतः प्रतिक्रियेच्या चित्रफिती: गाणे लावायचे, अर्ध्यावर थांबवायचे, डोक्याला हात लावायचा, ‘काय ओळ आहे’ म्हणायचे आणि पुढे चालू करायचे. त्यांत उत्साह खरा असतो, पण ती ओळ चांगली का आहे हे सांगायची वेळ आली की चित्रफीत पुढे सरकते.

मराठीत तर तेवढेही नाही. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. त्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी मेट्रो, झाडे आणि आंदोलन यांविषयी चांगले लिहिले, म्हणजे पुन्हा आशयाविषयीच. भोईरांच्या गळ्यातले लोकगीताचे वळण आणि बीटवर ठोकून म्हटलेली रॅपची ओळ एकमेकींशेजारी आल्यावर कानाला काय होते, मराठीतले जोडाक्षर तोंडभर उच्चारताना बीटवर नेमके कुठे आदळते, ऱ्हस्व-दीर्घाचा खेळ रॅपमध्ये टिकतो की सपाट होतो, याविषयी मला काही वाचायला मिळालेले नाही. हे लिहू शकणारा माणूस इंग्रजी मासिकांच्या कचेऱ्यांमध्ये सापडण्याची शक्यता कमी आहे. ओवी, पोवाडा आणि लावणी कानावर पडत मोठा झालेला आणि ‘इलमॅटिक’ही तोंडपाठ असलेला कोणीतरी पालघरला किंवा पिंपरीला बसलेला असणार, त्याने लिहायला घ्यावे, आणि खाली गुण देऊ नयेत.